स्कॉटिश पॅरिशमधील स्थलनावे आणि खाणाखुणा कशा नोंदवाव्यात?

आपला प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर कशाचे आहे हे इतर वाचकांनाही कळेल. आपण ईशान्य स्कॉटलंडमधील ॲबरडीनशायरच्या एका ग्रामीण पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या कक्षेतील जुन्या प्रशासकीय भागात, राहता. तेथील इतिहास मंडळाने परिसरातील शेते, ओढे, टेकाडे, जुन्या वाटा आणि खाणाखुणा यांची नावे गोळा करून पुस्तिका काढायचे ठरवले आहे आणि संगणकाची सवय असल्यामुळे यादी करण्याचे काम आपल्याकडे आले आहे. एकाच जागेची तीन-तीन स्पेलिंगे सापडतात, त्यांतले बरोबर कोणते. सुरुवात नकाशांपासून करावी की माणसांपासून. खाणाखूण नेमके कशाला म्हणावे. आणि मंडळाला प्रत्येक नावाचा अर्थ छापायचा आहे, तो कोठून आणावा, असे आपण विचारले आहे. स्थानिक परिषदेकडून उभारल्या जाणाऱ्या पाट्यांवर कोणते नाव घालावे, हेही शेवटी विचारले आहे.

ईशान्य स्कॉटलंडमधील अशा मंडळांबरोबर मी बरीच वर्षे हेच काम करत आलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो की आपली खरी अडचण स्पेलिंगची नाही. नाव ही जणू एक ठरलेली वस्तू आहे आणि तिचे एकच शुद्ध रूप कोठेतरी असणार, असे गृहीत धरल्यामुळे ती अडचण वाटते. प्रत्यक्षात आपल्या हाती नाव कधीच येत नाही, साक्ष येते. अमुक माणसाने अमुक काळात अमुक जागेला असे म्हटले, किंवा अमुक कारकुनाने ते असे लिहिले, एवढेच आपल्याला ठाऊक असते. म्हणून यादीतील एक ओळ म्हणजे एक नाव नव्हे. एक ओळ म्हणजे एक साक्ष. एका ओढ्याबद्दल चार साक्षी मिळाल्या तर चार ओळी होतील आणि त्यांना जोडणारा जागेचा क्रमांक एकच राहील. एवढी शिस्त पाळली की तीन स्पेलिंगांपैकी बरोबर कोणते हा प्रश्न आपल्यापुरता उरत नाही. तिन्ही खरी असतात, कारण तिन्ही कोणीतरी खरोखर लिहिलेली असतात.

पुढचे सगळे उत्तर काही बाबतींत परिस्थितीवर अवलंबून आहे, तेही आधीच सांगून ठेवतो. आपल्या पॅरिशमध्ये पिढ्यानुपिढ्या राहणारी शेतकरी कुटुंबे किती उरली आहेत, यावर कामाचा वेग ठरेल. पश्चिमेकडील लुईस-हॅरिस बेटावर गेलिक ही स्कॉटलंडची जुनी केल्टिक भाषा आजही बोलली जाते. तेथे माळरानावरील लहानसहान खळग्याचे नावही बोलणाऱ्याला अर्थासह कळत असते. ॲबरडीनशायरमध्ये तसे नाही. डीसाइडच्या गेलिक बोलीची शेवटची जन्मजात भाषक व्यक्ती १९८४ मध्ये वारली आणि सखल भागातून तर ती भाषा कितीतरी आधीच गेली होती. तेथे लोक स्कॉट्स भाषेची डोरिक बोली बोलतात आणि गेलिक नावे अर्थ न कळता तोंडात राहिली आहेत. शिवाय 'पॅरिश' म्हणजे नेमका कोणता, हेही मंडळाकडून ठरवून घ्या. पॅरिशांच्या जुन्या सीमा १८९१ च्या सुमारास बऱ्याच ठिकाणी बदलल्या, पॅरिश परिषदा १९३० मध्ये संपल्या आणि आजच्या कम्युनिटी कौन्सिलचे, म्हणजे स्थानिक प्रतिनिधी मंडळाचे, क्षेत्र जुन्या पॅरिशशी जुळेलच असे नाही. माझा सल्ला असा, की आजचे लोक ज्याला 'आपला भाग' म्हणतात तेवढा घ्यावा आणि प्रत्येक जागेपुढे जुना पॅरिश वेगळ्या रकान्यात लिहावा. जुनी कागदपत्रे शोधताना तोच रकाना उपयोगी पडतो.

आता सुरुवात कोठून करावी याविषयी. माझे मत ठाम आहे: माणसांपासून. नकाशे एडिंबरामध्ये सुरक्षित आहेत आणि घरबसल्या पाहता येतात. ते पुढच्या वर्षीही तेथेच असतील. शेतांची नावे ज्याला ठाऊक आहेत तो म्हातारा शेतकरी मात्र पुढच्या वर्षी असेलच असे नाही. आणि नकाशावर सर्वांत कमी सापडतात ती नेमकी शेतांचीच नावे. ऑर्डनन्स सर्वे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेच्या पंचवीस इंची, म्हणजे एका मैलाला सुमारे पंचवीस इंच या प्रमाणाच्या, नकाशांवर प्रत्येक शेताला क्रमांक आहे, नाव नाही. हे आपल्याला नवे वाटू नये. सातबाऱ्यावर गट क्रमांक असतो आणि घरात त्याच जमिनीला 'विहिरीचा मळा' किंवा 'आंब्याचं शेत' म्हणतात, तसाच हा प्रकार आहे. तेथील नावेही अशीच असतात: वेल पार्क, कर्क पार्क, स्मिडी पार्क, लांग रिग. येथे 'पार्क' म्हणजे बाग नव्हे, तर दगडी गडग्याने बंदिस्त केलेले शेत. यंत्रे मोठी झाली, गडगे काढून दोन-तीन शेतांचे एक शेत झाले, की मधली नावे एका पिढीत विसरली जातात. म्हणून पहिले काही महिने नावांचे अर्थ, जुनी हस्तलिखिते, पुस्तिकेची मांडणी हे सारे बाजूला ठेवा आणि ज्यांना नावे पाठ आहेत त्यांच्याकडे जा.

मात्र रिकाम्या हाताने जाऊ नका. जाण्यापूर्वी नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावरून त्या एका शेतवाडीपुरता जुना सहा इंची आणि पंचवीस इंची नकाशा पाहून घ्या. तेथे जुना नकाशा आजच्या उपग्रहचित्रावर ठेवून पाहता येतो, त्यामुळे कोणता गडगा गेला, कोणता ओढा सरळ केला, पाणचक्कीचा पाट कोठून जात होता हे आपल्याला आधी कळते. पण पहिल्या भेटीत नावे छापलेला नकाशा समोर ठेवू नका. छापील अक्षर समोर दिसले की माणूस आपले नाव सोडून नकाशाचे नाव वाचू लागतो, आणि "आम्ही वेगळे म्हणतो, पण तुमचेच बरोबर असेल" असे म्हणतो. मी नावे पुसलेला, फक्त गडगे, घरे आणि पाणी दाखवणारा मोठा छापील नकाशा नेतो आणि पेन्सिल त्यांच्या हाती देतो. छापील नाव दाखवायचे ते दुसऱ्या भेटीत, आणि तेव्हाचे उत्तर वेगळ्या ओळीत लिहायचे.

प्रश्नही "या जागेचे नाव काय?" असा सरळ विचारू नये. त्याने माणूस परीक्षेला बसल्यासारखा होतो. कामाच्या ओघात विचारावे: बर्फ साचला की रस्ता पहिल्यांदा कोठे बंद होतो? गुरे उन्हाळ्यात कोठे सोडत होतात? शाळेत चालत जाताना कोठून जात होतात, दम खायला कोठे थांबत होतात? पीट, म्हणजे दलदलीतली जळाऊ माती, कोठून आणत होते? अशा प्रश्नांना उत्तर देताना नाव आपोआप वाक्यात येते, आणि वाक्यात आलेले नाव सुटे विचारलेल्या नावापेक्षा अधिक मोलाचे असते. नावाआधी 'द' हे उपपद लागते का, तेथे 'वर' जातात की 'खाली' जातात, पूर्ण नाव घेतात की तोडून घेतात, हे सारे वाक्यातच कळते. म्हणून नोंदीत नावाबरोबर ते वाक्य जसेच्या तसे लिहावे.

उच्चार हा या कामाचा गाभा आहे, त्यावर थोडा वेळ घालवतो. स्कॉटलंडमध्ये लिहिलेले आणि बोललेले नाव यांत फार अंतर असते. आपल्याच भागातील परगण्याचे उदाहरण घ्या: पाटीवरील अक्षरे सरळ वाचली तर 'गॅरिऑख' होते, पण तेथला माणूस 'गीरी' म्हणतो. ॲबरडीन बंदरातील जुन्या कोळीवाड्याच्या पाटीवर 'फुटडी' वाचाल, लोक 'फिट्टी' म्हणतात. ॲबरचिर्डर हे गाव तर नकाशावर एक आणि तोंडात दुसरेच आहे. १७६४ मध्ये वसवलेल्या त्या गावाला आसपासचे लोक आजही 'फॉगीलोन' किंवा नुसते 'फॉगी' म्हणतात. नुसत्या स्पेलिंगांची यादी केली तर ही सगळी माहिती निसटून जाईल.

यात एक सापळा आहे. डोरिक बोलीत अनेक शब्दांच्या आरंभी इंग्रजीतल्या 'व्ह'च्या जागी 'फ' येतो. 'व्हाइट', म्हणजे पांढरा, याला तेथे 'फाइट' म्हणतात. समजा, एखाद्या वृद्ध बाईंनी आपल्याला एका दगडाचे नाव 'फाइट स्टेन' असे सांगितले. आपण ते ऐकून लढाई या अर्थाच्या इंग्रजी शब्दाच्या स्पेलिंगने लिहिले, तर पुढच्या वाचकाला तेथे लढाई दिसेल, त्यानंतरचा एखादा लेखक त्या लढाईला वर्षही शोधून देईल, आणि पांढऱ्या गारगोटीचा तो दगड कायमचा रणांगणावर जाऊन बसेल. हे टाळायचे असेल तर ध्वनिमुद्रण हवेच. फोनवरचे मुद्रणही चालते, फक्त ते दाबून लहान केलेल्या स्वरूपात न ठेवता 'वेव्ह' स्वरूपात ठेवा, आणि वाऱ्यात उभे राहून न करता आधी स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून करा. शेतावर फिरण्याची पाळी नंतरची. नाव दोनदा, सावकाश आणि नेहमीच्या वेगाने, म्हणवून घ्या.

येथे मराठी माणसाला एक खरी सोय आहे. गेलिक आणि स्कॉट्स नावांतील घशातून येणारा 'ख', कंप पावणारा 'र', ऱ्हस्व-दीर्घ स्वर यांतला फरक आपल्या कानाला लगेच जाणवतो आणि देवनागरीत पटकन टिपून ठेवता येतो. मी स्वतःच्या टिपणवहीत उच्चार देवनागरीतच लिहितो. मात्र ती कच्ची टीप समजावी. मंडळाच्या पक्क्या नोंदीत आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीतले रूप आणि ध्वनिफितीचा क्रमांक गेला पाहिजे, कारण उद्या ही नोंद वाचणाऱ्याला देवनागरी येत नसेल. ध्वनिलिपी स्वतः येत नसेल तर रकाना रिकामा ठेवून ध्वनिफीत जपावी. अंदाजाने भरलेला उच्चार रिकाम्या रकान्यापेक्षा वाईट. ॲडम वॉटसन आणि एलिझाबेथ ॲलन यांनी वरच्या डीसाइडची नावे नोंदवून १९८४ मध्ये ग्रंथ काढला, त्याचे मोल मुख्यतः यातच आहे की त्यांनी स्थानिक वृद्धांच्या तोंडचे उच्चार शास्त्रशुद्ध लिपीत उतरवून ठेवले. त्यांतले बहुतेक वक्ते आज हयात नाहीत.

कोणाकडे जावे? मंडळ आपल्याला पहिल्यांदा निवृत्त शिक्षक, पाद्री आणि मोठे जमीनदार यांची नावे देईल. त्यांच्याकडे जरूर जा, पण तेवढ्यावर थांबू नका. पोस्टमन, शाळेच्या बसचा चालक, हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ ढकलणारा माणूस, मेंढपाळ, शिकारीच्या राखणीवरचा नोकर, कंत्राटी नांगरणी करणारा, यांना वापरातली नावे अधिक ठाऊक असतात. लग्न होऊन शेजारच्या पॅरिशमधून आलेल्या स्त्रियांना दोन शेतवाड्यांची नावे येतात आणि त्यांतला फरकही त्यांच्या लक्षात राहिलेला असतो. तरी त्यांना कोणी विचारत नाही, असे मी अनेक ठिकाणी पाहिले. वाटसरू म्हणून पिढ्यानुपिढ्या फिरणाऱ्या ट्रॅव्हलर समाजाच्या मुक्कामाच्या जागा आणि त्यांची नावे तर छापील नकाशावर जवळजवळ नसतातच. आणखी एक स्थानिक रीत समजून घ्या: ईशान्य भागात शेतकऱ्याला त्याच्या शेतवाडीच्या नावाने हाक मारतात. 'मेन्स' आला, 'मिल्टन' गेला, असे कोणी म्हणाले तर ते घराबद्दल नव्हे, माणसाबद्दल बोलत असतील. ध्वनिफीत ऐकून लिहिताना हा घोटाळा फार होतो.

प्रत्येक साक्षीबरोबर काय काय लिहावे, ते सलग सांगतो. जागेचा क्रमांक, ऐकलेले रूप, ज्या वाक्यात आले ते वाक्य, जागेचा प्रकार साध्या शब्दांत, जसे ओढा, टेकाड, शेत, पाणंद, शिवेचा दगड, नॅशनल ग्रिडचा, म्हणजे ब्रिटिश नकाशांवरील चौकोनांच्या जाळ्याचा, संदर्भ, सांगणाऱ्याचा सांकेतिक क्रमांक, जन्माचे दशक आणि त्या भागाशी नाते, ते नाव त्याने कोणाकडून ऐकले, तो स्वतः वापरतो की फक्त आठवते, तारीख, आणि आपले नाव. यांतले 'कोणाकडून ऐकले' आणि 'वापरतो की आठवते' हे दोन रकाने बहुतेक मंडळे गाळतात. माझ्या मते ते सर्वांत महत्त्वाचे आहेत, कारण त्यांवरूनच कळते की नाव आजोबांच्या तोंडून आले आहे की गेल्या वर्षी वाचलेल्या माहितीपत्रकातून.

ग्रिड संदर्भ देताना अचूकतेचे ढोंग करू नये. सहा अंकी संदर्भ शंभर मीटरचा चौकोन दाखवतो आणि आठ अंकी दहा मीटरचा. विहीर किंवा दगड असेल तर आठ अंकी द्या. 'त्या अंगाची सगळी उतरण' अशा नावाला बिंदू न देता नकाशावर सीमारेषा काढा आणि ती तुटक ठेवा. फोनमधून मिळणारे अक्षांश-रेखांश आणि ऑर्डनन्स सर्वेच्या जुन्या नकाशावर छापलेले अक्षांश-रेखांश यांचा पाया वेगळा आहे. रूपांतर न करता मिसळले तर जागा सुमारे शंभर मीटर सरकते, म्हणजे विहीर शेजाऱ्याच्या शेतात जाते.

माणसांचे काम मार्गी लागले की कागदपत्रांकडे वळावे. आपल्या भागासाठी पहिला आधार ऑर्डनन्स सर्वेच्या नाववह्यांचा. ॲबरडीनशायरच्या वह्या १८६५ ते १८७१ या काळातल्या आहेत. त्यांतले एक पान नीट पाहिले की आपले कामही कसे करावे हे कळते: डावीकडे नकाशावर जाणारे नाव, मग निरनिराळी स्पेलिंगे, मग प्रत्येक स्पेलिंगपुढे ते कोणी सांगितले त्याचे नाव, मग ठिकाण आणि शेवटी वर्णन. स्पेलिंगाला शक्यतो तीन जणांचा दुजोरा घेत. परंतु त्या तिघांत जमीनदार, त्यांचे कारभारी, पाद्री आणि शाळामास्तर यांचे वजन अधिक असे. गुराख्याचे म्हणणे त्यांच्यापुढे मागे पडे. बहुतेक सर्वेक्षकांना गेलिक येत नव्हते. म्हणून नाववहीतले रूप हे अंतिम प्रमाण न मानता त्या काळातली, विशिष्ट वर्गाची साक्ष म्हणून वाचावे. 'निरनिराळी स्पेलिंगे' हा रकाना अनेकदा निवडलेल्या नावापेक्षा बोलका असतो.

त्यामागे जायचे असेल तर आपला परगणा भाग्यवान आहे. १६९६ च्या डोईपट्टीची ॲबरडीनशायरची करदात्यांची यादी पॅरिशवार आणि वाडीवार उपलब्ध आहे. तीत आज फक्त दगडांचा ढीग उरलेल्या वाड्यांची नावे माणसांसह सापडतात. १७४७ ते १७५५ मधला, विल्यम रॉय या सर्वेक्षकाचा लष्करी नकाशा वाड्या, वाटा आणि नांगरटी कोठे होत्या हे पाहण्यासाठी उत्तम आहे. त्यावरील स्पेलिंगे मात्र परक्या कानाने ऐकलेली आहेत. १७९० च्या दशकातील आणि १८३४ ते १८४५ मधील पाद्र्यांनी लिहिलेली पॅरिशवर्णने, १८५५ पासूनच्या कर आकारणीच्या याद्या, १८४१ पासूनची जनगणनेची पाने, इस्टेटींचे नकाशे, हे सारे नंतर सावकाश पाहता येते. चर्चच्या आवारातील थडगी मात्र आजच पाहा, कारण वालुकाश्माची अक्षरे झडत चालली आहेत. त्यांवर शेतवाडीचे नाव असते, आणि जुन्या रिवाजाप्रमाणे नावापुढे 'ऑफ' असेल तर तो मालक आणि 'इन' असेल तर तो कूळ, इतका बारीक तपशील एका अक्षरात मिळतो.

एक स्रोत लोक विसरतात, तो ध्वनिफितींचा. टोबर अन दुअलखिश या संकेतस्थळावर एडिंबरामधील स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीज, बीबीसी आणि कॅना बेटावरचा संग्रह यांची १९३० च्या दशकापासूनची मुद्रणे ऐकता येतात. आपल्या पॅरिशचे नाव घालून शोधा. गाणे किंवा गोष्ट सांगता सांगता एखाद्याने घेतलेले टेकाडाचे नाव तेथे मिळाले, तर दोन पिढ्यांपूर्वीचा उच्चार हाती येतो.

खाणाखूण कशाला म्हणावे, या प्रश्नाला माझे उत्तर असे: ज्याच्या आधाराने लोक वाट सांगतात किंवा सांगत असत, ती खाणाखूण. उंची, वय, सौंदर्य यांवर ते ठरत नाही. बेनाही डोंगराचे सर्वोच्च शिखर ऑक्सन क्रेग, ५२८ मीटर. पण सगळ्या परगण्याला ओळखीचे आहे ते ५१८ मीटरचे मिदर टॅप, कारण दूरवरच्या शेतातून तेच दिसते. तसेच आपल्या भागातील पाषाणवर्तुळे आणि किल्ले सरकारी नोंदींत आधीच आहेत. त्यांच्यावर वेळ घालवू नका, फक्त लोक त्यांना काय म्हणतात ते लिहा. ज्यांची नोंद कोठेच नाही ती टिपा: दुधाचे कॅन ठेवण्याचा दगडी ओटा, कर्लिंग, म्हणजे बर्फावर दगड सरकवण्याचा खेळ, खेळण्याचे बुजलेले तळे, शवपेटी नेताना विसावा घेण्याची जागा, शिवेचे दगड, लोहाराची बंद झालेली भट्टी, बंद पडलेल्या रेल्वेचा थांबा, शाळेची मुले पावसात ज्याखाली उभी राहत ते झाड. नाहीशा झालेल्या खुणाही लिहा. झाड पडून तीस वर्षे झाली तरी लोक 'झाडापाशी वळा' म्हणत असतील, तर ती खूण चालू आहे. बेनाहीच्या उतारावर सामाईक जमिनीत घरे बांधून राहिलेल्या लोकांची वस्ती होती. १८५९ मध्ये ती जमीन आसपासच्या जमीनदारांत वाटली गेली आणि वस्ती हळूहळू उठली. अशा ठिकाणी घरांची जोती आणि घरांची नावे एकत्र नोंदवली तरच दोन्हींना अर्थ राहतो.

आता अर्थाविषयी. मंडळाला सांगा की पहिल्या पुस्तिकेत अर्थ छापू नयेत, किंवा छापायचेच असतील तर ते तज्ज्ञाने तपासलेले असावेत आणि बाकीच्यांपुढे जागा कोरी ठेवावी. हा आग्रह मी प्रत्येक मंडळाकडे धरतो आणि त्यावरून नाराजीही होते, पण कारण स्पष्ट आहे. आजच्या स्पेलिंगवरून अर्थ लावणे म्हणजे नवी कथा रचणे. क्लॅकमननशायरमधील डॉलर गाव पाहा. तेथील किल्ल्याचे जुने नाव कॅसल ग्लूम. पंधराव्या शतकाच्या अखेरीस संसदेच्या कायद्याने ते कॅसल कॅम्पबेल झाले. त्याच्या दोन बाजूंनी दोन ओढे वाहतात, एक 'चिंतेचा' आणि दुसरा 'शोकाचा', असे इंग्रजी कानाला ऐकू येते; 'ग्लूम' म्हणजे खिन्नता आणि 'डॉलर' हेही दुःखवाचक शब्दासारखे लागते. साहजिकच तेथे कोंडलेल्या राजकन्येची गोष्ट तयार झाली. गोष्ट जरूर नोंदवावी, तीही त्या जागेची साक्ष आहे, पण 'लोक असे सांगतात' या रकान्यात. व्युत्पत्तीच्या रकान्यात ती गेली की पुढचे सगळे बिघडते.

आपल्या भागात तर एकावर एक भाषांचे थर आहेत. पिटमेडन, पिटकेपल यांतील 'पिट' हा पिक्ट या गेलिकपूर्व प्राचीन लोकांच्या काळाकडे नेतो आणि जमिनीचा वाटा दाखवतो. 'बाल' बहुधा गेलिक वाडीचा. 'ऑख' कधी शेताचा, तर 'ऑख्टर' वरच्या अंगाचा. त्यांवर स्कॉट्स भाषेतील 'मेन्स', 'हॉ', 'नाऊ', 'बर्न' बसलेले. ही ओळख कामाला येते, पण निर्णय देण्यासाठी सर्वांत जुनी लिखित रूपे क्रमाने हवीत, स्थानिक उच्चार हवा आणि जागा पायाने पाहिलेली हवी. नाव 'दलदल' म्हणते आणि जागा कोरडा खडक असेल, तर काहीतरी चुकते आहे. आपण साक्षी नीट गोळा केल्या की स्कॉटिश प्लेस-नेम सोसायटीतील जाणकार त्यावर पुढचे काम करू शकतात. आपण दिलेल्या अंदाजांवर ते करू शकत नाहीत. काही नावे कागदाच्या आधाराने एकदम उलगडतात, हेही खरे. 'गुडमन्स क्रॉफ्ट' नावाचा पडीक तुकडा मिळाला तर तो कोणा सज्जन शेतकऱ्याचा नसून सैतानासाठी न नांगरता सोडलेला असू शकतो. या प्रथेविरुद्ध चर्चच्या महासभेने १५९४ मध्ये तक्रार केली होती. परंतु येथेही 'असू शकतो' एवढेच लिहावे.

थोडे शिष्टाचाराचे आणि कायद्याचे. २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने स्कॉटलंडमध्ये बहुतेक जमिनीवर जबाबदारीने फिरण्याचा हक्क दिला आहे, पण घराचे आवार आणि उभे पीक त्यात येत नाही. हक्क असला तरी मेंढ्या विण्याच्या आणि हरणांच्या शिकारीच्या दिवसांत आधी फोन करावा; ज्याच्याकडून नावे घ्यायची आहेत त्याला न विचारता त्याच्या माळावर फिरणे शहाणपणाचे नाही. बोलणाऱ्याची लेखी संमती घ्या, आणि मुद्रण जपणे, लेखी वापरणे, आवाज प्रसिद्ध करणे यांसाठी ती वेगवेगळी घ्या. खासगी पाण्याचे झरे आणि शिकारी पक्ष्यांची घरटी असलेले कडे यांचा अचूक ग्रिड संदर्भ प्रसिद्ध करू नये. एखाद्या कुटुंबाची किंवा ट्रॅव्हलर समाजाची हेटाळणी करणारे नाव असेल तर नोंदीत ते ठेवावे, मात्र छापण्यापूर्वी संबंधितांशी बोलावे. खुल्या डिजिटल नकाशावर नावे चढवायची असतील तर ती आपल्या साक्षींतून किंवा पन्नास वर्षांहून जुन्या, हक्कमुक्त नकाशांतून घ्या. ऑर्डनन्स सर्वेच्या चालू नकाशावरून उतरवू नका. नोंदींची एक प्रत मंडळाबाहेर गेली पाहिजे: परिषदेचे अभिलेखागार किंवा ॲबरडीन विद्यापीठातील एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूट, जेथे ईशान्य भागाच्या लोकसंस्कृतीचाच अभ्यास होतो, यांना आधीच विचारा आणि त्यांना कोणते स्वरूप चालते ते पाहूनच तक्ता बनवा.

राहिला पाट्यांचा प्रश्न. पाटीवर एकच रूप लागते, त्यामुळे तेथे निवड करावी लागेल, पण ती निवड नोंदवहीची नाही, गावाची आहे. गेलिक रूप घालायचे असेल तर ते स्वतः बनवू नका; ऐनमेन-आचे ना हालापा या गेलिक स्थलनावांच्या राष्ट्रीय सल्लागार संस्थेला विचारा, ती जुनी रूपे तपासून सल्ला देते. स्कॉट्स रूपासाठी तुमच्या ध्वनिफितींतून सर्वाधिक वक्त्यांनी वापरलेला उच्चार कोणता, हे मंडळासमोर ऐकवा आणि जवळच्या तीन-चार शेतवाड्यांच्या लोकांना त्या बैठकीला बोलवा. त्यांनी जे रूप ठरवले ते पाटीवर जाऊ द्या, आणि ज्या रूपांना पाटीवर जागा मिळाली नाही त्यांच्या ओळी तक्त्यात जशाच्या तशा ठेवून त्या बैठकीची तारीख त्यांच्यापुढे लिहा.